चाबूक नसलेले प्रतोद

प्रश्न : ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या सरकारी मुख्य प्रतोदाला राजाच्या अंगरक्षक दलाचा ‘कॅप्टन’ म्हणतात. दोन्हींचा संबंध काय? आणि ज्या उमरावाला निवडणूकच लढवायची नाही, तो पक्षादेशाला कशाला भीक घालेल?

उत्तर : खरी मेख तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे, म्हणून पहिला आधी उरकतो. हे प्रतोद कागदोपत्री राजघराण्याचे मानकरी असतात. मुख्य प्रतोद ‘जेंटलमेन-ॲट-आर्म्स’चा कॅप्टन, तर त्याचा उपप्रमुख ‘यीओमेन ऑफ द गार्ड’चा, हे दुसरं दल सातव्या हेन्रीनं १४८५ मध्ये उभारलं. बाकीचे ‘लॉर्ड-इन-वेटिंग’, बायका असतील तर ‘बॅरोनेस-इन-वेटिंग’. परदेशी राष्ट्रप्रमुख आले की राजाच्या वतीनं विमानतळावर स्वागताला यांच्यापैकी कुणी जातो, आणि सभागृहात तोच एखाद्या खात्याच्या वतीनं प्रश्नांना उत्तरंही देतो.

आता भीतीचं. ती नाहीच. तिकीट कापता येत नाही, मतदारसंघ नाही, जागा जाण्याचा धाक नाही. म्हणून इथं प्रतोदाला माणसं जपावी लागतात. कोण आजारी आहे, कोण रुसलाय, रात्री उशिरापर्यंत कोण थांबेल, हे त्याला तोंडपाठ हवं.

या कामात हुजूर पक्षाचे बॅरन डेनम मुरलेले होते; १९७९ ते १९९१ ते मुख्य प्रतोद होते. २३ मे १९८८ रोजी पोल टॅक्सवर, म्हणजे माणशी सारख्याच आकाराच्या करावर, मतदान झालं. हा कर ऐपतीनुसार असावा, अशी दुरुस्ती सरकार पक्षाच्याच लॉर्ड चेलवूड यांनी मांडली होती. एरवी सभागृहाकडे न फिरकणारे, गावाकडच्या इस्टेटीवर राहणारे वंशपरंपरागत उमराव त्या दिवशी मोठ्या संख्येनं आले. दुरुस्ती ३१७ विरुद्ध १८३ मतांनी पडली. प्रतोदाचं काम म्हणून हे चोख होतं, नाकारत नाही. पण ड्यूकवर आणि त्याच्या माळ्यावर सारखाच कर बसवायला बापजाद्यांच्या जागेवर बसलेली माणसं धावून आली, हे मला आजही सलतं.

१९९९ च्या कायद्यानं ९२ जण वगळता हे सारे उमराव बाहेर गेले. राहिलेल्यांत अर्ल ॲटली होते, मजूर पक्षाचे पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांचे नातू. २०१० ते २०१४ या काळात ते सरकारी प्रतोद होते, आणि तेही हुजूर पक्षाचे.