एकाच खोलीत बॉल पायथन आणि हॅमस्टर ठेवले तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणला भाड्याचं घर, मोकळी खोली एकच. तुमचा बॉल पायथन, म्हणजे छोटा आफ्रिकी अजगर, काचेच्या टाकीत, धाकट्या बहिणीचे दोन हॅमस्टर पिंजऱ्यात. टाकीला कुलूप, पिंजऱ्याला कडी, मध्ये आठ फूट अंतर. मध्ये पडदा लावला तर चालेल ना?

नाही चालत. मी सात आठवडे चालवून बघितलंय.

माझा आतेभाऊ बोटीवर असतो. मागे एकदा मे महिन्याच्या अखेरीस जाताना त्याचा बॉल पायथन आमच्याकडे, मालवणजवळच्या घरी ठेवून गेला. दिवाळीपर्यंत सांभाळ म्हणाला. साडेतीन फुटांचा, स्वभावाने गरीब. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, नावच त्यावरून पडलंय. आमचं घर जुनं, कौलारू. जागा सापडली ती माजघराला लागून असलेल्या बाळंतिणीच्या खोलीत. अंधारी, एक बारकी खिडकी, दार नीट लागतं. त्याच खोलीत माझ्या मुलीचा हॅमस्टर होता, लाडू. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "मांजर आणि दूध एका खोलयेत ठेवतत काय रे?" मी तिला कुलूप दाखवलं.

कुलुपाने साप अडतो, वास कसा अडेल? साप जीभ बाहेर काढतो ती हवेतले वासाचे कण गोळा करून टाळूतल्या जेकबसन अवयवाला पोचवण्यासाठी. शिवाय बॉल पायथनच्या वरच्या ओठावर ऊब ओळखणारे खळगे असतात. काचेपलीकडची ऊब त्यांना फारशी कळत नाही, पण वासाला झाकणाची जाळी पुरेशी होते. समोरच्या बाजूचंही तसंच. पिढ्यान् पिढ्या प्रयोगशाळेत वाढलेल्या, साप कधी न पाहिलेल्या पांढऱ्या उंदरांपुढे नुसती सापाची कात ठेवली तरी ते दबकतात आणि मागे सरतात. म्हणून तुमच्या पडद्याचा उपयोग नाही. पडद्यामागचा साप उंदराच्या जातीला दिसत नसला तरी नाकात असतोच.

लाडूचं चाक रात्री दहाला सुरू व्हायचं ते पहाटेपर्यंत खडखडायचं. साप आल्यावर चौथ्या की पाचव्या रात्री ते वाजलं नाही. मी मोबाइलचा उजेड हाताने झाकून बघितलं. लाडू चाकाच्या कडेला बसलेला, पुढचा एक पाय उचललेला, गालाच्या पिशव्या दाण्यांनी भरलेल्या. ना चावतोय, ना लपवायला नेतोय. मिशासुद्धा हलत नव्हत्या. पाच मिनिटांनी परत बघितलं तर पाय तसाच वर. आणि समोर टाकीत साप झाकणाच्या फटीला नाक लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत होता, पुन्हा उलटा, पुन्हा सुलटा. आठवड्याभरात त्याच्या नाकाच्या शेंड्यावरचं खवलं सोलवटलं, खालचं गुलाबी दिसायला लागलं. सोलवटलेल्या जागी जंतुसंसर्ग होतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे काहीही लवकर सुकत नाही.

मग लक्षात आलं की टेबलफॅन लाडूच्या मागे आहे आणि वारा त्याच्यावरून थेट टाकीवर जातोय. पंखा दुसऱ्या बाजूला नेला. साप जरा निवांत झाला, पण आता वारा सापावरून लाडूकडे. लाडू दोन दिवस घरट्यातून बाहेर आला नाही. पंखा बंद ठेवून बघितला, तर कोंदट हवेत दोघांचेही वास तुंबून राहिले.

तुम्हाला वाटेल, एवढा वास येतोय म्हणजे साप चवीने खात असेल. उलट झालं. आतेभावाने गोठवलेले उंदीर देऊन ठेवले होते (बायकोने सुरमईच्या शेजारी ते ठेवू दिले नाहीत, मांगरातला जुना फ्रीझर चालू करावा लागला). ते पाण्यात नरम करून, कोमट करून चिमट्याने दिले की तो वास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. बॉल पायथन एरवीही उपाशी राहण्यात पटाईत असतात, महिनोन् महिने खात नाहीत, पण हा रात्रभर शिकारीच्या पवित्र्यात राहून थकलेला होता. म्हणून जिवंत उंदीर टाकून बघू नका. सापाला भूक नसेल तर उंदीर त्याची पाठ कुरतडतो आणि साप नुसता पडून राहतो.

सहाव्या आठवड्यात मी लाडूला दाणे घातले आणि त्याच हाताने टाकीतलं पाण्याचं भांडं उचलायला गेलो. साप माणसाला नाही, हाताला लागलेल्या हॅमस्टरच्या वासाला चावला. चावून सोडलंही नाही, मनगटाला दोन विळखे घातले. दात मागे वळलेले असतात, ओढलं तर आपलीच कातडी फाटते आणि त्याचे दात मोडतात. मनगट गार पाण्याच्या नळाखाली धरून उभा राहिलो, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. विष नसतं. बारीक ठिपक्यांची दोन अर्धवर्तुळं उठली. मुलगी मात्र दारात उभी राहून सगळं बघत होती, ते मला जास्त लागलं.

तरी मी खोली बदलली नव्हती. बदलली ती पुढच्या आठवड्यात, आणि कारण पाळलेला साप नव्हताच. हॅमस्टर दाणे उडवतो. टेबलाखाली बाजरी, सूर्यफुलाच्या बिया पडायच्या. जुन्या घरात वासे भिंतीवर टेकतात तिथे फट राहतेच, तिथून घरातले उंदीर रात्री त्या दाण्यांवर यायला लागले. मला लेंड्या दिसत होत्या, मी केरसुणी मारून विसरत होतो. एका सकाळी झाडायला वाकलो तर टेबलाच्या पायामागे धामण. चांगली सहा फुटी. मी बाहेर येऊन दार ओढलं, गावातल्या सर्पमित्राला फोन केला. त्याने तिला उचललं आणि पहिला प्रश्न विचारला, "हय दाणे कित्याक सांडलेत?" टाकीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. धामण होती म्हणून निभावलं. उंदरांच्या मागावर नागही येतो, घोणसही येते. बारीक साप तर पिंजऱ्याच्या गजांतून सहज आत जातो, आतला प्राणी गिळतो आणि फुगलेल्या पोटामुळे बाहेर पडता येत नाही म्हणून तिथेच वेटोळं घालून बसतो. पक्षी पाळणाऱ्यांना हे विचारा.

तुमचं घर सिमेंटचं असलं तरी चिपळुणात पावसाळ्यात उंदीर कुठून येतात हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि उंदरांच्या मुताबरोबर लेप्टोच्या तापाचा धोका येतो, तो वेगळाच.

तुम्ही विचारलं नाहीत तरी कागदांचं सांगतो. आपल्याकडचा कुठलाही साप, मग ती धामण असो, दिवड असो की अजगर, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला, पण तो साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये येतो. आपल्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. तुमची नसेल तर खोलीच्या आधी ते काम करा, वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

आता एकच खोली आहे म्हणता, तर माझ्या मते ती सापाला द्या आणि हॅमस्टर माणसांत आणा. हॉलमध्ये, उंचावर, उन्हापासून लांब. सापाला अंधारी, बंद खोली आवडतेच, आणि टाकीचं उबदार टोक ३१-३२ अंशांवर ठेवावं लागतं. हॅमस्टरला २०-२४ अंश बरे, त्या गरम खोलीत तो उन्हाळ्यात मरगळेल. त्याचं अंथरूण कोरडं लागतं, सापाच्या टाकीत ओलावा लागतो, हे गणितही एका खोलीत बसत नाही. दाराखालच्या फटीत जुनं धोतर, साडी, काहीही घट्ट गुंडाळून घाला. पिंजऱ्याखाली मोठी परात ठेवा आणि झोपण्याआधी दाणे उचला. आधी सापाचं काम, मग कोपरापर्यंत साबणाने हात धुवून, शर्ट बदलून हॅमस्टरचं. उलट कधीच नाही. सापाचं भांडं स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका. सापांच्या अंगावर आणि विष्ठेत पोट बिघडवणारा साल्मोनेला हा जंतू असू शकतो, बहीण लहान आहे. सापासाठी उंदीर घरीच वाढवायचा विचार असेल तर त्यांनाही हेच सगळं लागू, वर त्यांच्या मुताचा उग्र वास.

आणि हो, दोन हॅमस्टर एकाच पिंजऱ्यात आहेत का? मोठ्या, सोनेरी जातीचे असतील तर आजच वेगळे करा, ते एकमेकांना मारतात. साप लांब राहिला.

आमच्याकडे लाडू ओटीवर गेला, आईच्या खाटेशेजारी. तिसऱ्या रात्री चाक वाजलं आणि आईने झोप मोडते म्हणून तक्रार केली. सापाने मात्र खायला आणखी अकरा दिवस घेतले. तुमचाही खात नसेल तर घाबरू नका, दर रविवारी स्वयंपाकघरातल्या नाही, वेगळ्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. वजन टिकून असेल तर थांबा, सतत उतरत असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणारा पशुवैद्य गाठा. चिपळूणहून त्यासाठी बहुधा मुंबई किंवा पुणं गाठावं लागेल, तेव्हा फोन आधी करून ठेवा.