आजीने आभार कशाचे मानले?

टोरांटो, १ जानेवारी

प्रिय लेकीस,

प्रभू येशूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

काल दुपारी, ठाण्यात मध्यरात्र जवळ येत असताना, आपण फोनवर तिथल्या आपल्या मराठी मंडळीची, म्हणजे चर्चची, वर्षअखेरची उपासना पाहत होतो. आजी काठी टेकत पुढे गेली आणि तिने देवाचे आभार मानले, तेव्हा तू मला विचारलेस, की आजोबा याच वर्षी गेले, बाबांची नोकरी याच वर्षी गेली, तर मग आजीने आभार कशाचे मानले? पुढचे वर्ष चांगले जाईल हे तिला कोणी सांगितले? आणि हे असे सर्वांपुढे उभे राहून बोलणे ही मराठी पद्धत आहे की ख्रिस्ती? उपासना चालू असल्यामुळे मी तुला नीट उत्तर दिले नाही, म्हणून आज लिहून देते.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. वर्षाच्या शेवटच्या रात्री जागून प्रार्थना करण्याची चाल १८व्या शतकात जर्मनीतल्या मोरावियन ख्रिस्ती लोकांत होती, त्यांच्याकडून ती जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट मंडळ्यांत गेली आणि मिशनरी लोकांबरोबर आपल्याकडे आली. पण आपल्याकडे येताना तिने आपले रूप घेतले. पेटी, तबला आणि टाळ यांच्या साथीने म्हटलेली भजने आपल्या उपासनेत आहेत याचे पुष्कळ श्रेय नारायण वामन टिळक यांना जाते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्याच अभंगाच्या आणि कीर्तनाच्या वळणाने देवाशी बोलायला दिले. म्हणून रात्र जागवायची ही कल्पना बाहेरून आली असली, तरी काल ऐकू आलेला सूर आपला होता. पाडव्याला शेजारच्या काकूंच्या घरून आपल्याकडे श्रीखंड यायचे आणि नाताळात आपल्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या, तेव्हा दोन नववर्षांची अडचण आम्हाला कधी वाटली नाही, हेही जाता जाता सांगते.

आता आजीच्या बोलण्याकडे येते. आपल्या मंडळीत याला साक्ष देणे म्हणतात. तू फोनवर ऐकत होतीस, पण आवाज तुटत होता आणि तिचे मराठी तुला भराभर वाटले असेल, म्हणून ती काय बोलली ते पुन्हा लिहिते. तिने सुरुवात आभारांनी केली नाही. ती म्हणाली की पावसाळ्यात आपले यजमान प्रभूघरी गेले, त्यांना माती देताना मुलगी जवळ नव्हती, रात्री घरात एकटीला भीती वाटते, आणि देवाला आपण अनेकदा विचारले की आत्ताच का, पण त्याचे उत्तर मिळाले नाही. हे सगळे ती पाळकसाहेबांसमोर, लहान मुलांसमोर, आवाज न चढवता बोलली, आणि कोणीही तिला मध्येच थांबवून धीर देण्याची घाई केली नाही. त्यानंतर तिने आभार मानले. महिला मंडळातल्या बायका पहिला महिनाभर आळीपाळीने तिच्या सोबतीला झोपायला येत होत्या, त्यांच्याबद्दल मानले. यंदा घरात दुखवटा म्हणून तिने फराळ केला नाही, तर नाताळच्या आदल्या दिवशी चार घरांतून डबे आले, त्याबद्दल मानले. आजोबांचे आणि त्यांच्या धाकट्या भावाचे नगरच्या जमिनीवरून बोलणे बंद होते, ते आजारपणात पुन्हा सुरू झाले आणि भाऊ शेवटपर्यंत उशाशी बसून राहिले, त्याबद्दल मानले.

म्हणजे आजोबा गेले याबद्दल आजीने आभार मानले नाहीत. तसे कोणी मानावेत अशी देवाचीही अपेक्षा नाही, असे मला मनापासून वाटते. मरण ही चांगली गोष्ट आहे असे पवित्र शास्त्र कुठेही शिकवत नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, आणि ते रडणे खोटे नव्हते, जरी थोड्याच वेळात तो लाजराला बाहेर बोलावणार होता तरी. प्रेषित पौलाने तर मरणाला शेवटचा शत्रू म्हटले आहे. आभार मानले ते त्या दिवसांत जे मिळत राहिले त्याबद्दल.

साक्ष देताना आजीने वाचलेला उतारा पवित्र शास्त्रातल्या विलापगीत या पुस्तकातला होता. ते पुस्तक तू शब्बाथ शाळेत फारसे वाचलेले नाहीस, कारण लहान मुलांना ते सहसा शिकवत नाहीत. माझ्या मते शिकवायला हवे. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जिंकले, मंदिर जाळले आणि लोकांना बंदिवान करून नेले, त्यानंतरचा हा आक्रोश आहे. त्यात पाच कविता आहेत. पहिल्या चार कवितांची कडवी मूळ इब्री भाषेत वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने सुरू होतात, आणि तिसऱ्या कवितेत तर प्रत्येक अक्षराला तीन अशा ६६ ओव्या आहेत. ज्याचे गाव जळाले आहे असा माणूस अक्षरांचा हिशेब कशाला ठेवील, असा प्रश्न मला पूर्वी पडत असे. आता असे वाटते, की दुःख पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण सांगायचे, काही वगळायचे नाही, म्हणून ती रचना आहे. देवाची करुणा संपलेली नाही, ती रोज सकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वचन या तिसऱ्या कवितेत, म्हणजे पुस्तकाच्या साधारण मध्यावर येते. हे फार महत्त्वाचे आहे. ते वचन शेवटी आलेले नाही. त्याच्यानंतर पुन्हा भूक आहे, उपास आहे, रडणे आहे, आणि पुस्तकाचे शेवटचे वाक्य तर, तू आम्हाला अगदीच टाकून दिले आहेस काय, या शंकेपाशी येऊन थांबते. नवीन वर्षाच्या भेटकार्डांवर मधले वचन एकटे छापतात, तेव्हा ते गोड वाटते. आजीने काल त्याच्या आगेमागचे सगळे वाचले आणि मग ते वाचले, तेव्हा ते खरे वाटले.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. पुढचे वर्ष चांगले जाईल हे आजीला ठाऊक नाही, आणि तसे ती म्हणालीही नाही. नवीन वर्षात तुमची सगळी कर्जे फिटतील, बढती मिळेल, आजार पळतील, असे ठामपणे सांगणारी प्रवचने हल्ली पुष्कळ ऐकू येतात. ती मला मान्य नाहीत, कारण मार्चपर्यंत कर्ज फिटले नाही की साधा माणूस आपला विश्वासच कमी पडला असे समजून स्वतःला दोष देत बसतो, आणि त्याच्या दुःखावर आणखी एक ओझे चढते. ख्रिस्ती आशा बाबांना मार्चमध्ये नोकरी लागण्यावर उभी नाही. नोकरी लागावी म्हणून आपण रोज प्रार्थना करतो, आणि करत राहू, अर्ज पाठवत राहू. पण आशा उभी आहे ती घडून गेलेल्या एका गोष्टीवर: ज्याला वधस्तंभावर मारले त्या येशूला देवाने मेलेल्यांतून उठवले.

आणि उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, ही गोष्ट मी तुला विशेष ध्यानात ठेवायला सांगते. योहानाच्या शुभवर्तमानात तो शिष्यांना आपले हात आणि कूस दाखवतो, आणि थोमाला तर बोट घालून पाहा म्हणतो. देवाने त्याला उठवताना ते व्रण पुसून टाकले नाहीत. मुंबईत आपल्या कॅथलिक बांधवांच्या काही वस्त्यांत ३१ डिसेंबरला मुले जुन्या वर्षाचा म्हातारा बनवून जाळतात. मुलांना त्यात फार आनंद असतो आणि असावाही. पण आपल्या मंडळीत जुने वर्ष जाळण्यापेक्षा ते देवापुढे आणून ठेवण्यावर भर असतो. म्हणून त्या रात्री वर्षभरात गेलेल्यांची नावे मोठ्याने वाचतात. आजोबांचे नाव आले तेव्हा तू माझा हात घट्ट धरलास. ते नाव वाचल्याशिवाय नवीन वर्ष सुरू करणे मला जमले नसते, आणि मला वाटते तुलाही जमले नसते.

ठाण्यात अशी आशा धरणारे आपण पहिले नव्हे, हे तुला कोणी सांगितले नसेल. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन बांधव, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले संन्यासी, ठाण्याला आले आणि तिथे ते जिवे मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस त्या वेळी भरूचच्या बाजूला गेलेला होता. त्याने परत येऊन त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले आणि तो एकटा मागे राहिला. दोन-तीन वर्षांनी एका जानेवारी महिन्यात त्याने ठाण्याहून आपल्या बांधवांना पत्र लिहिले, आणि त्यात आपण कसे लुटले गेलो, कसे तुरुंगात पडलो, कशी उपासमार सोसली, हे सगळे सांगितले, आणि तरीही आणखी बांधवांना इकडे पाठवा अशी विनंती केली. वर्ष कसे गेले हे त्याने लपवले नाही आणि पुढच्यासाठी माणसे मागितली. तलावपाळीवरून आजोबांचे बोट धरून तू फिरलीस, त्या गावातली ही गोष्ट आहे.

पंडिता रमाबाईंचे नाव तुला ठाऊक आहे. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेले, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले, आणि पदरी लहान मुलगी उरली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच बाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुलींना आणून त्यांना आसरा दिला आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे केले. दुष्काळाने त्यांचे जे नेले ते परत आले नाही. पण दुष्काळात सापडलेल्या मुलीला काय लागते हे त्यांना ठाऊक होते. आजीच्या सोबतीला झोपायला येणाऱ्या बायकांपैकी दोघी स्वतः विधवा आहेत, हे मला तिने नंतर फोनवर सांगितले.

तू विचारले नाहीस, पण तुझ्या मनात आहे असे मला वाटते, म्हणून लिहिते: देवावर राग आला तर काय करावे? तो त्यालाच सांगावा. पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेत असे रागावलेले, तक्रार करणारे बोलणे कितीतरी ठिकाणी आहे, आणि ते कोणी काढून टाकलेले नाही. उलट मंडळीने शतकानुशतके ते गाऊन म्हटले आहे. विठ्ठलाशी भांडणारे संत ज्या भाषेत झाले त्या भाषेत वाढलेल्या माणसाला हे परके वाटू नये. तुला मराठीत भांडता येत नसेल तर इंग्रजीत भांड. मीही या वर्षात पुष्कळदा भांडले आहे.

येत्या रविवारी आपल्या इथल्या मराठी कुटुंबांची प्रार्थनासभा आपल्या घरी आहे, आणि आजीने तुला निरोप दिला आहे की तूही तिथे साक्ष दे. तुझी इच्छा नसेल तर देऊ नकोस. साक्ष कोणावर लादायची नसते, आणि मी आजीला तसे समजावून सांगेन. द्यावीशी वाटली तर आजीच्याच क्रमाने दे. आधी जे गेले ते सांग, आजोबांना शेवटचे भेटता आले नाही हेही सांग, आणि आवाज भरून आला तर थांब, लोक थांबतील. मग या वर्षात तुला जे मिळाले असे तुला स्वतःला खरोखर वाटते तेवढेच सांग, एकच गोष्ट असली तरी चालेल. सुचत नसेल तर विलापगीताचा तिसरा अध्याय वाच, पण १ल्या ओवीपासून वाच. बाबांनी त्या दिवशी पेटी वाजवायचे कबूल केले आहे. आजीला इथून सकाळी साडेनऊला फोन लावू, म्हणजे तिकडे रात्रीचे आठ वाजलेले असतील आणि तिचे जेवण झालेले असेल.

तुझी,
आई