लॅमिंग्टन रोड आणि क्रिस्टल रेडिओ

प्रश्न : शाळेत असताना लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मी क्रिस्टल रेडिओ जोडला होता. आता नातीसह तसाच जोडायचा आहे. भाग मिळतील का, आणि परवाना लागेल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : ग्रँट रोड स्थानकाजवळच्या या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग असले, तरी गिऱ्हाईक जुनेच नाव घेते. कॉइल गुंडाळायची फेराइट रॉड (चुंबकीय पदार्थाची कांडी) आणि इनॅमलची तार मिळणे अवघड नाही. खरी शोधाशोध गँग कंडेन्सर (स्टेशन लावण्यासाठी फिरवायचा भाग) आणि जर्मेनियम डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देऊन लहरींतून आवाज वेगळा करणारा भाग) यांसाठी करावी लागेल. साधा सिलिकॉन डायोड येथे निरुपयोगी ठरतो, कारण तो सुमारे ०.६ व्होल्टला वाहू लागतो, तर जर्मेनियमला ०.२ ते ०.३ व्होल्ट पुरतात, आणि बॅटरीविना चालणाऱ्या या संचाला एरिअलमधून मिळते तेवढ्याच ऊर्जेवर भागवायचे असते. जर्मेनियम न मिळाल्यास शॉटकी डायोड (कमी व्होल्टला वाहू लागणारा दुसरा प्रकार) वापरून पाहावा. ३६५ पिकोफॅरडच्या गँगला २४० मायक्रोहेन्रीची कॉइल जोडली, की मध्यम लहरींच्या खालच्या टोकाचा भाग, म्हणजे साधारण ५४० किलोहर्ट्झ, हाती येतो. मोबाइलचा इअरफोन मात्र चालणार नाही. उच्च अवरोधाचा (अत्यल्प प्रवाहावर चालणारा) क्रिस्टल इअरफोनच हवा. सिमेंटच्या इमारतीत एरिअल खिडकीबाहेर काढणे उत्तम (सुरक्षितपणे, आणि पावसाळ्यात नव्हे).

असा संच केवळ ऐकण्यासाठी असल्याने हौशी (हॅम) रेडिओचा परवाना लागत नाही. पुढे नातीला प्रक्षेपण करावेसे वाटले, तर वय किमान १२ वर्षे हवे आणि परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल.