सासऱ्यांचे वडील इटलीहून बेडफर्डला आले होते. त्यांचं मूळ गाव आणि घराणं कसं शोधावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमानांचे आजोबा १९५०च्या दशकात इटलीहून इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या वीटभट्टीत कामाला आले, सासरे आता हयात नाहीत, आणि हातात आहे ते फक्त आडनाव आणि ‘आम्ही नेपल्सचे’ हे घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं वाक्य. तुमच्या माहेरचा छापील कुलवृत्तांत कपाटात आहे आणि मुलीला वडिलांकडचंही काही दाखवता यावं, ही तुमची इच्छा वाचून मी लगेच लिहायला बसले. मी एकोणीस वर्षं बेडफर्डला राहते. आमच्या शेजारी एक इटालियन आजी होत्या. त्यांच्या नातीबरोबर बसून आम्ही त्यांच्या घराण्याचा शोध घेतला, त्यात दोन वर्षं गेली. जे कळलं ते सांगते.

आधी ते ‘नेपल्स’ बाजूला ठेवा. युद्धानंतर इंग्लंडभर बांधकामं निघाली, विटा कमी पडू लागल्या आणि भट्टीवर काम करायला इंग्रज माणूस मिळेना. तेव्हा १९५१पासून इथल्या मार्स्टन व्हॅली ब्रिक कंपनीनं दक्षिण इटलीतून माणसं आणायला सुरुवात केली. भरती व्हायची नेपल्समध्ये. तिथे तपासणी, तिथेच कागदपत्रं, तिथूनच आगगाडी. पुढच्या दहाएक वर्षांत साडेसात हजारांहून जास्त माणसं अशी आली. त्यामुळे बेडफर्डच्या कितीतरी घरांत ‘नेपल्सहून आलो’ असं म्हणतात. ते खरंच आहे, पण नेपल्स हे निघायचं ठिकाण. माणूस असायचा डोंगरातल्या कुठल्यातरी खेड्यातला. आमच्या आजींच्या नातीनं नेपल्सच्या दप्तरांत आठ महिने घालवले आणि काहीही हाती लागलं नाही, याचं कारण एवढंच.

इटलीत सगळी दप्तरं गावनिहाय आहेत. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी त्या त्या गावच्या नगरपालिकेत, म्हणजे ‘कोमूने’त, राहतात. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्याय आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात आणि मगच वही काढतात, तसंच हे. गाव कळलं की दोनशे वर्षं मागे जाता येतं. गाव कळलं नाही तर एक पाऊलही टाकता येत नाही. म्हणून तुमची पहिली सगळी मेहनत त्या एका नावासाठी.

बेडफर्डच्या बाबतीत एक सोय आहे. माणसं गावंच्या गावं धरून आली. एकानं भावाला बोलावलं, भावानं मेहुण्याला. कांपानियातलं माँतेफाल्चोने, मोलीझेतलं बुस्सो, सिसिलीतलं सांत आंजेलो मुक्सारो, ही नावं इथे आजही कानावर पडतात. इथला इटालियन समाज इतका मोठा होता की १९५४पासून २००८पर्यंत गावात इटलीचा उपवाणिज्यदूत (व्हाइस कॉन्सल) बसत असे. तुमचं आडनाव वडीलधाऱ्या इटालियन मंडळींपुढे नुसतं उच्चारलंत तरी कुणीतरी म्हणेल, ‘हे तर अमक्या गावचे.’ तो पुरावा नव्हे, पण दिशा मिळते.

घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. आते-सासूबाई असतील, कुणी चुलत आजी असेल. ‘आपलं गाव कोणतं’ असं विचारू नका, ‘नेपल्स’ हेच उत्तर येईल. विचारा, घरात कोणत्या संताचं चित्र होतं? वर्षातून एकदा कुणाची मिरवणूक असायची? आपल्याकडे ग्रामदैवतावरून गाव ओळखता येतं, तसा तिकडे प्रत्येक गावाचा रक्षक संत असतो. माँतेफाल्चोनेचे संत अंथनी. कुणी गेलं की नातेवाइकांना छोटी स्मरणपत्रिका वाटतात, एका बाजूला संत आणि दुसऱ्या बाजूला गेलेल्याचा फोटो आणि तारखा. ती प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेली सापडते. आणि आजीचं माहेरचं नाव नक्की विचारा. इटलीच्या दप्तरात बाई मरेपर्यंत माहेरच्याच नावानं राहते, सासरचं नाव घेऊन शोधलंत तर ती सापडणारच नाही.

आता इंग्लंडचे कागद. जनगणनेची आशा सोडा. १९२१च्या पुढची खुली नाही; १९३१ची आगीत जळाली, १९४१ची झालीच नाही आणि १९५१ची २०५२मध्ये उघडेल. मतदारयादीतही आजोबा बहुधा दिसणार नाहीत, कारण परकीय नागरिकाला मत नव्हतं. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात नाव छापून आलेलं असेल आणि लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात दाखला मिळू शकतो. पण बऱ्याच जणांनी ते कधी घेतलंच नाही. परकीयांना पोलिसांकडे नाव नोंदवावं लागे, त्याचं फोटो लावलेलं पुस्तक घरात असेल तर ते जपून ठेवा.

सगळ्यात उपयोगी पडतो तो मृत्यूचा दाखला. १९६९च्या एप्रिलपासून इंग्लंडच्या मृत्यूच्या दाखल्यावर जन्मतारीख आणि जन्मस्थान लिहितात. त्याआधी नुसतं वय असायचं. आजोबा त्यानंतर गेले असतील तर हा दाखला सर्वांत आधी मागवा. जन्माच्या दाखल्यावरही त्याच तारखेपासून आईवडिलांचं जन्मस्थान येतं. म्हणजे सासऱ्यांचा जन्म १९५८चा असेल तर त्यांच्या दाखल्यात गाव नसेल, पण त्यांचं धाकटं भावंड १९७०चं असेल तर त्याच्या दाखल्यात असेल! भावंडं शोधायलाही युक्ती आहे. फ्रीबीएमडी या मोफत सूचीत वडिलांचं आडनाव, आईचं माहेरचं आडनाव आणि बेडफर्ड जिल्हा एवढं टाका. १९११नंतरच्या जन्मसूचीत आईचं माहेरचं नाव असतंच, त्यामुळे सगळी भावंडं एका यादीत येतात. स्पेलिंग मात्र वेगवेगळं करून बघा. जोव्हान्नीचा जॉन आणि जुझेप्पेचा जो झालेला असतो, आणि ‘दी’ किंवा ‘दे’नं सुरू होणारं आडनाव कधी जोडून तर कधी तोडून लिहिलेलं असतं. दाखल्यावर ‘आव्हेल्लिनो’ असं आलं तर तेच गाव असं समजू नका. ते शहराचंही नाव आहे आणि अख्ख्या प्रांताचंही.

आणखी एक जागा म्हणजे चर्च. वोबर्न रोडवरचं सांता फ्रान्चेस्का काब्रिनी चर्च १९६५मध्ये उघडलं, ते इथल्या इटालियन लोकांचं. कॅथलिक लग्नाआधी वधूवरांना बाप्तिस्म्याचा ताजा दाखला आणावा लागतो, आणि तो जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमधून येतो. म्हणजे जोडप्यातलं कुणी इटलीत जन्मलेलं असेल आणि लग्न इथे झालं असेल, तर त्या लग्नाच्या कागदांत तिकडच्या गावच्या चर्चचं नाव असतं. फादरना नम्रपणे पत्र लिहा.

पण आजी-आजोबांचं लग्न इथल्या सूचीत सापडलं नाही तर गोंधळून जाऊ नका. शेजारच्या आजींचंच सांगते. त्यांचं लग्न १९५४चं. नवरा इथे भट्टीवर कंत्राटात अडकलेला, परत जायला रजाही नाही आणि पैसाही नाही. मग लग्न प्रतिनिधीमार्फत झालं. कायद्यात तशी सोय होती. आजी गावच्या चर्चमध्ये पांढऱ्या पोशाखात उभ्या राहिल्या आणि शेजारी नवऱ्याच्या जागी धाकटा दीर. ‘मी हो म्हणताना त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, खाली फरशीकडे बघत होते,’ असं त्या सांगायच्या. त्यानंतर तीन महिन्यांनी बेडफर्ड स्टेशनवर त्यांनी नवऱ्याला नवरा म्हणून पहिल्यांदा पाहिलं. हे लग्न इंग्लंडच्या कुठल्याच वहीत नाही. ते सापडलं आजींच्या गावच्या कोमूनेत, आणि आजोबांच्या जन्मनोंदीच्या समासातही; कारण तिकडे जन्माच्या नोंदीशेजारी पुढे लग्नाची टीप लिहितात.

गाव मिळालं की ‘अंतेनाती’ या संकेतस्थळावर जा. शब्दाचा अर्थच पूर्वज. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांनी जुन्या नोंदवह्यांची पानं तिथे मोफत ठेवली आहेत. नेपल्सच्या जुन्या राज्यात, म्हणजे दक्षिणेत, या नोंदी नेपोलियनच्या काळात १८०९पासून सुरू झाल्या, सिसिलीत १८२०पासून. एकसंध इटलीत नोंदणीचा नवा कायदा १८६६पासून लागू झाला.

भाषा येत नाही म्हणून घाबरू नका. नोंदीचा साचा ठरलेला असतो, दहा-बारा पानांनंतर डोळ्यांना सवय होते. दोन गोष्टी मात्र नीट ध्यानात ठेवा. बापाच्या नावाआधी ‘दी’ असेल तर बाप त्या दिवशी हयात होता, ‘फू’ असेल तर वारलेला होता. ‘जुझेप्पे फू आन्तोनिओ’ म्हणजे कैलासवासी आन्तोनिओंचा मुलगा जुझेप्पे. या एका अक्षरावरून पणजोबांच्या मृत्यूची नोंद कोणत्या वर्षांत शोधायची ते ठरतं. दुसरं, महिन्यांची संक्षिप्त रूपं. ‘७ब्रे’ असं दिसलं तर ते जुलै नव्हे, सप्टेंबर. ८ब्रे ऑक्टोबर, ९ब्रे नोव्हेंबर, १०ब्रे डिसेंबर. आपल्याला ते चटकन पटतं, कारण सप्त, अष्ट, नव, दश हेच शब्द त्यांच्याकडे वेगळ्या रूपात आहेत. धंद्याच्या रकान्यात ‘ब्राच्चान्ते’ आलं तर शेतमजूर, ‘फिलात्रिचे’ आलं तर सूत कातणारी. आजींच्या सगळ्या आज्या-पणज्या फिलात्रिचे निघाल्या.

एक चूक आमच्याकडून झाली, ती तुम्ही टाळा. पैसे घेणाऱ्या एका संकेतस्थळावर कुणीतरी आजींच्या सासऱ्यांचा वंशवृक्ष आधीच टाकलेला होता. नाव तेच, गाव तेच, वर्षही जवळचं. आम्ही तो तसाच उतरवून घेतला आणि त्यावर तीन पिढ्या चढवल्या. सगळं चुकलं होतं. तिकडे थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव देतात. एका आजोबांचे पाच मुलगे असले तर पाचही घरांत एकेक नातू त्याच नावाचा, त्याच आडनावाचा. आम्ही चुलतभावाचा बाप धरून बसलो होतो. नीट ओळख पटते ती फक्त आईच्या माहेरच्या नावावरून. किंवा घराण्याला गावानं दिलेल्या टोपणनावावरून. आपल्याकडे एकाच आडनावाच्या आळीत ‘वाड्यातले’ आणि ‘विहिरीकडचे’ असतात तसं. म्हणून प्रत्येक जोडणीला मूळ नोंदीचं पान बघा, दुसऱ्याचा वृक्ष कितीही सुबक दिसला तरी.

पुरुषांसाठी सैन्याची नोंद फार मोलाची आहे. प्रांताच्या सरकारी अभिलेखागारात ‘फॉल्यो मात्रिकोलारे’ नावाचा कागद मिळतो. त्यात उंची, केसांचा रंग, लिहितावाचता येतं का, कुठे लढला, सगळं असतं. आजींच्या यजमानांचा जन्म १९१७चा. त्यांच्या कागदावर एका ओळीत लिहिलं होतं की जानेवारी १९४१मध्ये लिबियात बार्दियाला इंग्रजांच्या हाती सापडले, हिंदुस्थानात कैदेत, १९४६मध्ये परत. कैदेबद्दल त्यांनी घरात कधीच तोंड उघडलं नव्हतं. आजींनी मग खोक्यातून एक छावणीचं छापील पोस्टकार्ड काढलं. इतकी वर्षं त्यावरचं नाव त्यांना परदेशातल्या कुठल्याशा गावाचं वाटत होतं. मी वाचलं: भोपाळ. तिथे बैरागढला इटालियन कैद्यांची छावणी होती. आजींनी माझा हात धरून विचारलं, ‘तिथे फार ऊन असतं का गं?’ मी म्हटलं, उन्हाळ्यात असतं. त्या बराच वेळ त्या कार्डावरून बोट फिरवत राहिल्या.

कोमूनेला पत्र इटालियनमध्येच लिहा, अगदी थोडक्यात. एका पत्रात एकच मागणी: आईवडिलांच्या नावांसह जन्मनोंदीचा उतारा. आजोबांचं नाव, माहीत असेल तेवढी जन्मतारीख, आणि यजमानांच्या ओळखपत्राची प्रत जोडा, कारण वंशज म्हणून मागणी त्यांच्या नावानं गेलेली बरी. ऑगस्टमध्ये पाठवू नका, तेव्हा अख्खी इटली सुट्टीवर असते. दोन महिन्यांत काही आलं नाही तर पुन्हा पाठवा. आम्हाला तिसऱ्या पत्राला उत्तर आलं, आणि कारकून बाईंनी न मागता आजोबांच्या दोन बहिणींच्या नोंदीही पाठवल्या, कारण त्या स्वतः त्याच आळीतल्या निघाल्या.

तर आता आधी मृत्यूचा दाखला मागवा आणि या रविवारी आते-सासूबाईंना फोन करा. संताचं नाव आणि आजीचं माहेर, एवढं विचारा. जुन्या वहीचं एखादं पान हाती आलं आणि वाचता येत नसेल तर त्याचा फोटो इथेच उत्तराखाली टाका, मी वाचून सांगेन.