हिरवे पाणी कार्बन शोषते का?

प्रश्न : नांदूरमधमेश्वरच्या जलाशयाकाठी आमची शेती आहे. वनस्पती कार्बन डायऑक्साइड शोषतात, असे आपण शाळेपासून शिकतो. मग तळी आणि धरणे तो हवेत सोडतात, असे कसे म्हणतात? आमच्याकडे तर पाणी जलपर्णीने हिरवेगार असते. ती काढून टाकण्यात नुकसानच नाही का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : आपण शाळेत शिकलात ते खरे आहे, पण तो हिशेबाचा जमेचा रकाना झाला. खर्चाचा रकाना पाहायचा तर जलाशयात बाहेरून काय वाहून येते, हे आधी पाहावे लागते. गोदावरी आणि कादवा पावसाळ्यात गढूळ होऊन येतात, तेव्हा त्या पाण्याबरोबर शेतांतली सुपीक माती, पालापाचोळा, शेण आणि वरच्या वस्त्यांचे सांडपाणीही येते. या साऱ्यात कार्बन असतो. तो नांदूरमधमेश्वरच्या संथ, उथळ पाण्यात थांबला, की जिवाणू त्याचे विघटन करू लागतात आणि त्यांच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो. म्हणजे शेतात तयार झालेला पाला शेवटी पाण्यात ‘जळतो’. म्हणूनच जगातील बहुसंख्य तलावांच्या पाण्यात हा वायू हवेशी समतोल राखण्याइतक्या प्रमाणापेक्षा जास्त आढळतो आणि जास्तीचा हवेत निसटतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार जमिनीवरून गोड्या पाण्यात दरवर्षी सुमारे १.९ अब्ज टन कार्बन येतो. त्यातील सुमारे ०.८ अब्ज टन हवेत परततो, ०.२ अब्ज टन गाळात गाडला जातो आणि उरलेला समुद्राला मिळतो.

ही देवघेव चोवीस तासांत पालटते, आणि ती डोळ्यांनी पाहता येते. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्याचा नमुना एकाच ठिकाणाहून पहाटे आणि दुपारी तीन वाजता अलगद, न ढवळता घ्यावा आणि त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे (पाणी पुरेसे अल्कधर्मी झाले की गुलाबी होणाऱ्या सूचक द्रव्याचे) दोन थेंब टाकावेत. पहाटेचे पाणी बहुधा रंगहीन राहते, कारण रात्रभराच्या श्वसनाने त्यात मुक्त कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. दुपारी शेवाळाने तो वापरून टाकलेला असल्यास तेच पाणी गुलाबी होते. केवळ दुपारच्या मोजणीवरून तलाव कार्बन शोषतो, असा निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते.

आता जलपर्णीविषयी. तिची पाने पाण्यावर असल्याने ती कार्बन डायऑक्साइड मुख्यतः हवेतून घेते आणि झपाट्याने वाढते, हे मान्यच आहे. परंतु तिच्या दाट थराखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे तेथील शेवाळाचे काम थांबते. शिवाय पाण्यातला प्राणवायू घटतो आणि तिचे मेलेले देठ तळाशी कुजतात. प्राणवायू संपलेल्या गाळात मिथेन तयार होतो. काठावरच्या मऊ गाळात काठी खुपसली की जे बुडबुडे वर येतात, त्यांत बहुधा तोच प्रमुख असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात, वजनास वजन धरल्यास, मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक तापमानवाढ करतो. त्यामुळे जलपर्णीने शोषलेला कार्बन कोणत्या वायूच्या रूपाने बाहेर पडतो, यावर सारा हिशेब फिरतो. उन्हाळ्यात पाणी ओसरून उघडा पडलेला गाळही स्वस्थ बसत नाही. भेगांतून हवा आत शिरते आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड पुन्हा सुटू लागतो.

तेव्हा जलपर्णी काढण्यात नुकसान नाही, मात्र काढून काठावरच ढीग लावण्यात आहे; पहिल्या पावसात तिच्यातील नत्र आणि स्फुरद पुन्हा पाण्यात उतरतात आणि पुढच्या वाढीला खत मिळते. नांदूरमधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, असल्याने पक्ष्यांच्या वावराचा विचार करून आणि वनविभागाला विचारूनच काम हाती घ्यावे. ती बी धरण्यापूर्वी काढावी, पूररेषेपलीकडे न्यावी, उन्हात सुकवावी आणि वरखाली करून हवा खेळती ठेवत तिचे कंपोस्ट करावे. असे केल्यास मिथेन कमी तयार होतो आणि शेताला खतही मिळते.