इंटरमिजिएटला सी ग्रेड आली, आता डिझाइनचं विसरायचं का?

इंटरमिजिएट म्हणजे शाळेतल्या मुलांची सरकारी रेखाकला परीक्षा, तिचा निकाल लागला की मला हे फोन हमखास येतात. पोराला इंटरमिजिएटला सी आली, आणि म्हणतोय डिझाइनला जायचंय, तुम्हीच समजवा त्याला. समजवा म्हणजे नको म्हणून सांगा, हे वेगळं सांगायला लागत नाही. कोल्हापूरच्या एका घरातली केस सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही, पण मुद्दा बऱ्याच घरांत तोच असतो.

मुलगा तेव्हा दहावीत. आई-बाबा दोघंही आलेले. बाबा मूळचे पेंटर, म्हणजे दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, ट्रकच्या मागचं लिखाण, मंडळांचे बोर्ड, सगळं ब्रशनं. मग फ्लेक्स आला आणि जे व्हायचं ते झालं. आता ते दुसऱ्याच्या फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहेत, कोरलड्रॉमध्ये श्रीलिपीचे फाँट टाकून वाढदिवसाचे बोर्ड बनवतात. बसल्या बसल्या पहिलंच वाक्य म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का, ह्याला हात न्हाई. बापानंच असं म्हणायचं म्हणजे बघा. आणि हात असून तरी माझं काय झालं?"

म्हणजे काळजी एक नव्हती, दोन होत्या, आणि त्या एकमेकींत अशा गुंतलेल्या की पोराच्या वाट्याला सरसकट नकारच येत होता. हात नाही म्हणून जाऊ नको, आणि हात असला तरी पोट भरत नाही म्हणून जाऊ नको. आई मात्र वेगळ्याच हिशोबात होत्या, सी ग्रेडचे दहावीला तीन मार्क तर वाढतात ना (एला सात, बीला पाच मिळतात), मग झालं की, आता क्लास बंद करून अभ्यासाला लागू दे.

मी पेपरांबद्दल विचारलं. इंटरमिजिएटला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असतं. संकल्पचित्रात दिलेल्या आकारात रचना करून रंग सपाट भरायचा, कडा स्वच्छ, डाग नको, आणि वेळेत पूर्ण. ह्याचा पोस्टर कलर कायम पातळ व्हायचा, एका रंगातनं दुसऱ्यात ओघळ जायचा. स्मरणचित्रात म्हणे बसस्टॉपवरची रांग काढली, एकेका माणसानं छत्री कशी धरलीय ह्यातच अर्धा वेळ घालवला आणि मागची बिल्डिंग पेन्सिलीतच राहिली. सी आली ती बरोबरच आली, तपासणाऱ्याची काही चूक नाही.

मग म्हटलं, अजून काय काढतोस? आधी काही बोलेना. आई म्हणाल्या, विज्ञानाच्या रफ वहीत मागची पानं भरवून ठेवतो, मार खातो त्यावरनं. दप्तरात होतीच ती वही. एका पानावर केएमटीचा, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसचा कंडक्टर, एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात सुट्टे पैसे, बगलेत बॅग, आणि बस वळतेय तेव्हा तो खांबाला कोपर अडकवून उभा राहतो ते. बोटं अगदीच वाईट काढलेली. पण बॅगेचा पट्टा मानेला कुठे काचतो तिथे बाण केलेला, आणि शेजारी तीच बॅग कमरेला बांधली तर काय होईल त्याची तीन चित्रं, त्यातल्या एकावर काट मारून लिहिलेलं, "बसताना अडकेल".

बाबांनी ते पान बघितलं आणि म्हणाले, "बोटं बघा की कशी काढलीत."

मी बाप-लेकाला एकच काम दिलं. घरात आजी आहे असं धरा, बीपीची गोळी घेतली का नाही ते तिच्या लक्षात राहत नाही, काहीतरी करा, अर्धा तास. बाबांनी कागदावर बोर्ड केला, सकाळ-दुपार-रात्र, सूर्य-चंद्र, आणि अक्षरं अशी की मी बघतच राहिले, शिरोरेषा पट्टी न लावता सरळ. पोरानं आधी मला विचारलं, आजीला वाचता येतं का? मी म्हटलं नाही येत असं धर. मग सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कशाला हात लावते? हा प्रश्न त्यानं आईला विचारला, आई म्हणाल्या चहाच्या डब्याला. मग त्यानं गोळ्या डब्याच्या झाकणावरच बसवल्या, सात कप्पे, कालचा कप्पा रिकामा दिसला की कळेल काल घेतली, आजचा भरलेला दिसला की कळेल अजून राहिलीय. झाकणाचे गोल बटाट्यासारखे वेडेवाकडे. पण मुद्दा बिनचूक.

बाबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते, मग म्हणाले, माझ्या बोर्डाचा आजीला काय उपयोग, तिला वाचताच येत नाही.

मी म्हटलं तसं नाही हो. तुम्ही केलंत ते एक काम, ह्यानं केलं ते दुसरं, आणि दोन्हीला डिझाइनच म्हणतात त्यामुळे गोंधळ होतो. तुमचं काम अक्षरांचं, उपयोजित कलेचं. त्याच हातानं कमल शेडगेंनी नाटकांची नावं रंगवली, र. कृ. जोशींनी कॉम्प्युटरवरचा मंगल फाँट केला, आजही मुंबईतली 'एक टाइप' नावाची फाँट बनवणारी मंडळी 'मुक्ता'सारखे देवनागरी फाँट करतात. शेडगेंचं नाव काढल्यावर मात्र बाबा खुलले, पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती कापून ठेवायचो म्हणाले, त्यावरनंच गिरवलं सगळं.

पोराचा कल प्रॉडक्ट डिझाइनकडे, म्हणजे वापरायच्या वस्तू घडवण्याकडे दिसतोय, आणि तिथली दारं वेगळी आहेत. आयआयटी मुंबई यूसीड ही डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा घेते, एनआयडी ह्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची स्वतःची परीक्षा असते, दोन्हीला बारावी कुठल्याही शाखेची चालते आणि इंटरमिजिएटची ग्रेड कुणी मागत नाही. यूसीडमध्ये तीनशेपैकी दोनशे मार्क भाग एचे, कॉम्प्युटरवर, त्यात आकार मनात फिरवून बघणं, तर्क, निरीक्षण. भाग बी कागदावर, पन्नास मार्क रेखाटनाला, पन्नास डिझाइनच्या प्रश्नाला, आणि ज्यांनी एचा कटऑफ पार केला त्यांचाच बी तपासतात. बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला जायचं असेल तर मात्र राज्याची सीईटी, तिथे परत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आलंच, म्हणजे ग्रेड परीक्षेची सवय तिथे कामाला येते.

पण पोराला खूश करायला म्हणून मी असं काही सांगितलं नाही की चित्र वाईट असलं तरी चालतं. चालत नाही. डोक्यातलं कागदावर समोरच्याला समजेल इतपत तरी उतरायला पाहिजे. त्याला रोजचं काम दिलं, डबे, बाटल्या, झाकणं वेगवेगळ्या कोनातून, आणि हात, स्वतःचाच डावा हात काहीतरी धरलेला. फक्त पेन. पोस्टर कलर तूर्तास कपाटात.

सायन्सबद्दल आईंनी विचारलंच. माझं म्हणणं एवढंच की आर्किटेक्चरचा विचार असेल तर मॅथ्स सोडू नका, ते दार बंद होतं. डिझाइनसाठी सायन्स लागत नाही. त्याला फिजिक्सचा कंटाळा होता, कॉमर्स घेतलं, नातेवाइकांनी नाकं मुरडली, ते होतंच.

राहिला पोटाचा प्रश्न. बाबा म्हणाले, आधी फ्लेक्सनं खाल्लं, आता ते एआय आलंय, पाच मिनिटांत चित्र काढतंय. ह्यावर माझ्याकडे गॅरंटी नाही आणि कुणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. एवढं दिसतंय की चित्र झटपट हातात पडत असेल तर काय बनवायचं आणि कुणासाठी, हे विचारणारा माणूस लागेल, आणि आजीला वाचता येतं का हे तुमच्या पोरानं न सांगता विचारलं. बाबांना हे पटलं असं मी म्हणणार नाही. ऐकून घेतलं.

मग त्यांनी खिशातनं एका कोचिंगचं पत्रक काढलं, दोन वर्षांचं पॅकेज, आत्ताच भरलं तर डिस्काउंट. मी थांबवलं. यूसीड लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनदाच देता येते, तीही बारावीला असताना किंवा नंतर, त्यामुळे दहावीत लाखभर अडकवायची घाई कशाला. जुने पेपर यूसीडच्या वेबसाइटवर फुकट आहेत, आधी ते घरी सोडवू दे, नंतर क्लास लावायचा झाला तर तिथल्या मुलांच्या वह्या बघायला मागा, भिंतीवरचे रँकवाल्यांचे फोटो नको.

शेवटी बाबांनी आपली अट सांगितली. सरकारी सीट लागली तर कर्ज काढून पाठवतो, प्रायव्हेटला वर्षाला चार-पाच लाख माझ्याच्यानं होणार नाहीत, नाही लागली तर इथंच कोल्हापुरात चित्रकलेचं कॉलेज, कलानिकेतन नाहीतर दळवीज. पोरगं हो म्हणालं. मला ती अट रास्त वाटली आणि मी तसं दोघांसमोर सांगितलं.