विश्वासाची वसुली

‘सगळे कबूल केले, मोबाइलचा पासवर्डही दिला, तरी बायको विश्वास ठेवत नाही, आता मी आणखी काय करू?’ ही तक्रार मी समुपदेशन करताना वारंवार ऐकते आणि तिचे उत्तर देताना मला सिंहगड रस्त्यावरचे एक जोडपे हमखास आठवते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नवरा चाकणच्या एका कारखान्यात अभियंता, बायको शिक्षिका. त्याला शेअर बाजारातल्या ऑप्शन्सचा, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावण्याच्या व्यवहारांचा, नाद लागला. आधी थोडा फायदा, मग तोटा, तो भरून काढण्यासाठी वैयक्तिक कर्ज आणि शेवटी तिच्या आईने दिलेल्या पाटल्यांवर सोनेतारण. स्कूटरची पीयूसी शोधताना त्याच प्लास्टिकच्या पाकिटात घडी करून ठेवलेली तारणाची पावती तिच्या हाती लागली. पैसे गेल्याचे दुःख तिला होतेच. पण ती पुनःपुन्हा सांगत होती ते वेगळेच. दिवाळीला तिने पाटल्या मागितल्या, तेव्हा ‘लॉकरला फार गर्दी आहे, नंतर आणू,’ असे तो डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला होता.

एखादा सौदा नीट बसला की सगळे फेडता येईल, ही त्याची समजूत तेव्हाही गेली नव्हती. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, हे मी त्याला मुद्दाम वाचायला लावले. गेलेला पैसा वसूल करण्यासाठी परत खेळणे आणि ते लपवण्यासाठी खोटे बोलणे, ही जुगाराच्या व्यसनाचे निदान करताना तपासली जाणारी दोन लक्षणे आहेत. शेअर बाजारात उतरणारा प्रत्येक जण जुगारी नसतो. तरीही ही दोन्ही एकत्र दिसल्यामुळे मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले.

त्याची कबुली मात्र हप्त्याहप्त्याने येत होती, आणि माझ्या मते मूळ खोटेपणाइतकेच नुकसान त्याने होते, कारण प्रत्येक नव्या तपशिलाबरोबर बायकोला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून मी त्याला लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांकडून स्वतःचा अहवाल काढायला सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात बँकांची कर्जे दिसतात, हातउसने दिसत नाहीत. ते त्याने माझ्यासमोर कागदावर लिहिले आणि शेवटच्या ओळीत साडूचे नाव आले. ती उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘म्हणजे ताईला माहीत होते?’

पुढे दोघांच्या लग्नाचा वाढदिवस आला आणि त्याने लक्ष्मी रस्त्यावरून नव्या पाटल्या आणल्या. ती म्हणाली, ‘याची पावती कुठे आहे?’ पावती क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांची होती. तो माझ्याकडे येऊन वैतागला: इतके करूनही हिला किंमत नाही. बाजारात त्याने जे केले तेच तो घरी करत होता, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. गेलेले एका फटक्यात परत मिळवायचे, तेही उधारीवर, आणि हिशेब जुळला नाही की समोरच्यावर चिडायचे.

त्यानंतर आम्ही फार साध्या गोष्टी ठरवल्या. ट्रेडिंगचे खाते बंद. पगाराच्या खात्याचे संदेश तिच्या मोबाइलवर. रविवारी संध्याकाळी अर्धा तास तिच्या प्रश्नांसाठी, आणि तोच प्रश्न पुन्हा आला तरी ‘परत तेच?’ म्हणायचे नाही. नवऱ्याचा मोबाइल रोज तपासायला मात्र मी तिला मना केले. त्याने बायकोची पोलीस होते आणि नवरा पुरावे नीट पुसायला शिकतो. तिने विचारण्याआधी त्याने सांगावे, यावर माझा भर होता.

काही महिन्यांनी एका रविवारी त्याने आपणहून सांगितले, की ट्रेडिंगचे ॲप त्याने परत डाउनलोड केले होते आणि खाते न उघडताच काढून टाकले. ती रागावली, रडली, पण पहिल्यांदाच तिने ‘खरे सांगतोस ना?’ असे विचारले नाही. आपले बिंग फुटले, असे त्याला त्या दिवशी वाटत होते. पण त्याने न विचारता सांगणे, हीच दोघांच्या नात्यात हलणारी पहिली गोष्ट होती, असे मला वाटते.

सोनेतारण अजून फिटायचे आहे. तिचा पगार आजही वेगळ्या खात्यात जमा होतो आणि तो तसाच राहू द्यावा, असे मी दोघांनाही सांगितले आहे.